भूसंपादनाची नोटीस आली की गावकऱ्यांना हक्क कसे समजावून सांगावेत

भूसंपादनाची कुणकुण लागली की गावात दोन प्रकारचे जाणकार उगवतात. एक म्हणतो, "सरकारपुढे काय चालणार, देतील ते घ्या." दुसरा म्हणतो, "पैशाला हात लावायचा नाही, मग बघू कोण जमीन घेतो." दोघांचंही ऐकणारा खातेदार शेवटी सारखाच बुडतो. तुम्ही बाधितांना माहिती द्यायला निघाला असाल, तर या दोघांच्या आधी पोहोचा.

आधी नोटीस वाचा आणि संपादन कोणत्या कायद्याखाली आहे ते पाहा. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १९५६चा महामार्ग कायदा लागतो. त्यात हरकतीला अधिसूचनेपासून फक्त २१ दिवस मिळतात आणि मोबदल्याचा वाद लवादाकडे जातो. पुढचं सगळं २०१३च्या भूसंपादन कायद्याबद्दल आहे. दोन्हींची सरमिसळ करून भाषण ठोकणारे वकीलही मी पाहिलेत.

सभा मोठी घेऊ नका. गटवार बसा आणि प्रत्येकाला सातबारा, आठ-अ, फेरफार घेऊन बोलवा. सासरी गेलेल्या बहिणींचं नाव उताऱ्यावर असेल तर त्यांनाही कळवा. कुळांना आणि त्या जमिनीवर पोट असलेल्या मजुरांनाही बोलवा. जमीन नावावर नसली, तरी संपादनाआधीची ३ वर्षं त्यांची उपजीविका मुख्यतः तिच्यावर असेल, तर कायदा त्यांना बाधित कुटुंब मानतो.

प्राथमिक अधिसूचनेनंतर हरकतीसाठी ६० दिवस असतात. इथे लोक हमखास "दर कमी आहे" असं लिहितात. दराचा प्रश्न या टप्प्यावर नसतोच. जमीन खरंच लागते का, एवढी लागते का, हे सार्वजनिक काम आहे का, सामाजिक परिणामांच्या अहवालात काय चुकलंय, हे लिहायचं. आणि सुनावणीला जायचं.

संयुक्त मोजणीला खातेदाराने स्वतः हजर राहावं. विहीर, पाइपलाइन, झाडं, गोठा पंचनाम्यात आल्याशिवाय सही नाही.

मोबदल्याचा हिशेब फळ्यावर करून दाखवा. रेडीरेकनरचा दर किंवा आजूबाजूच्या खरेदीखतांची सरासरी, जे जास्त असेल ते धरतात. सरासरीही सगळ्या खतांची नसते. मागच्या ३ वर्षांतल्या तशाच जमिनींच्या खतांपैकी वरच्या दराची निम्मी खतं घेतात. म्हणून दुय्यम निबंधकाकडून खतं स्वतः काढा. ग्रामीण भागात या रकमेला १ ते २ मधला गुणांक लागतो. त्यात झाडं-बांधकामाची किंमत मिळवायची आणि होणाऱ्या रकमेवर १०० टक्के दिलासा रक्कम. समजा बाजारमूल्य १० लाख आणि गुणांक २, तर २० लाख आणि दिलासा २० लाख. शिवाय बाजारमूल्यावर ठरावीक काळासाठी सालीना १२ टक्के वेगळे. "चौपट मिळतात" ही घोषणा फक्त गुणांक २ असतानाच खरी. आणि मूळ दरच कमी धरला असेल, तर चौपटही कमीच.

आता निवाडा, म्हणजे मोबदला ठरवणारा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश. बहुतेकांचा हक्क इथेच जातो, तोही स्वतःच्या सहीने. म्हणून बैठकीतला निम्मा वेळ यालाच द्या.

कायदा सांगतो की रक्कम पुरेशी नाही अशी हरकत नोंदवून पैसे घेता येतात. कचेरीत याला सगळे "अंडर प्रोटेस्ट" म्हणतात. असे पैसे घेतले की वाढीव मोबदल्याचा हक्क शिल्लक राहतो. हरकत न नोंदवता घेतले, की अर्जाचा दरवाजा बंद. म्हणजे "पैसे घेतले की संपलं" हेही खोटं आणि "आधी घ्या, कोर्टात नंतर बघू" हेही खोटं. मधली एक ओळ महत्त्वाची: "सदर रक्कम अपुरी असल्याने हरकत नोंदवून, वाढीव मोबदल्याचा हक्क राखून स्वीकारत आहे." ही ओळ पावतीवर हाताने लिहायची. रक्कम थेट खात्यात येणार असेल, तर ती जमा होण्याआधी याच मजकुराचा अर्ज आवक विभागात द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्यायचा. "लिहायची गरज नाही, आम्ही नोंद घेतली आहे" असं कोणी गोड बोलून सांगेल. तरीही लिहायचं. तोंडी हरकत म्हणजे पाण्यावरची रेघ.

संमतीचा निवाडा किंवा थेट खरेदी ही वेगळी गोष्ट आहे. तिथे तुम्ही दर मान्य करता, म्हणून तो नंतर वाढवून मागता येईल असं धरूच नका. संमतीपत्र छापील असतं आणि घाईत पुढे सरकवलं जातं. माझं ठाम मत: ते घरी नेऊन वाचू देत नसतील, तर सही करू नका. माहिती देणाऱ्यानेही सही कर किंवा करू नको असं परस्पर ठरवू नये. काय मिळतं आणि काय सुटतं, हे दोन्ही सांगून बाजूला व्हावं.

हरकत नोंदवली म्हणजे काम झालं, हा पुढचा गैरसमज. प्रकरण प्राधिकरणाकडे, म्हणजे भूसंपादनाच्या मोबदल्याचे वाद ऐकणाऱ्या यंत्रणेकडे पाठवा, असा कारणांसह लेखी अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करावाच लागतो. निवाड्याच्या वेळी खातेदार किंवा त्याचा वकील हजर असेल, तर मुदत निवाड्यापासून ६ आठवडे. हजर नसणाऱ्यांची मुदत नोटिशीवरूनही मोजतात आणि ती वेगळी असते, पण गावात सगळ्यांना निवाड्यापासून ६ आठवडेच सांगा. सबळ कारण असेल तर उशीर माफ करायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. त्या भरवशावर कोणाला बसवू नका.

तातडीच्या तरतुदीखालचं संपादन सोडलं, तर पूर्ण मोबदला दिल्याशिवाय ताबा घेता येत नाही, हे सांगा. या कायद्याखालच्या निवाड्याच्या रकमेवर प्राप्तिकर नाही, हेही सांगा, म्हणजे कर वाचवून देणारे एजंट दारातूनच परततील.

अर्ज न केलेल्यांना एक वाट उरते. त्याच अधिसूचनेतल्या दुसऱ्या खातेदाराला प्राधिकरणाने दर वाढवून दिला, तर त्या निकालापासून ३ महिन्यांत तेवढाच दर मागता येतो. त्यासाठी शेजाऱ्याच्या प्रकरणाचा क्रमांक आजच वहीत लिहून घ्यायला लावा.