व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये फोनवरचे मेसेज: आधी साठवण, मग स्क्रीन

व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये, म्हणजे चित्रं आणि संवादांतून वाचायच्या गेममध्ये, पात्रांनी एकमेकांना मेसेज करावेत असं ठरलं की बहुतेक जण आधी फोनची चौकट रंगवायला बसतात. चौकट देखणी होते, फुगे छान सरकत वर जातात. मग खेळाडू दोन पावलं मागे जाऊन पुन्हा पुढे येतो आणि एकच मेसेज त्याला दोनदा दिसतो. सेव्ह केलेला गेम उघडला तर चॅट रिकामी. चित्रं कितीही चांगली असली तरी अशा फोनवर कुणाचा विश्वास बसत नाही. म्हणून इथे चौकटीबद्दल कमी आणि मेसेज कुठे राहतात याबद्दल जास्त लिहिलं आहे. उदाहरणं रेनपाय या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरची आहेत, कारण या प्रकारचे गेम बनवणारे बरेच जण तेच वापरतात. तुम्हाला लेबल, स्क्रीन आणि मेन्यू लिहिता येतात असं मी धरून चालतो.

१. फोन किती खरा हवा, ते ठरवा

अख्ख्या गेममध्ये मेसेजचा एकच प्रसंग असेल आणि तो संपल्यावर खेळाडू फोन पुन्हा उघडणार नसेल, तर रेनपायचा एनव्हीएल मोड (एकाच पानावर संवाद एकाखाली एक साठत जाणारी पद्धत) घ्या, त्याच्या स्क्रीनला फोनचं रूप द्या आणि मोकळे व्हा. पुढचं काही वाचायची गरज नाही.

पण फोन कधीही उघडता यावा, जुनं संभाषण वर सरकवून वाचता यावं, न वाचलेल्या मेसेजचा आकडा दिसावा, असं हवं असेल तर एनव्हीएलच्या नादी लागू नका. ‘आधी एनव्हीएलवर सुरू करा, नंतर वाढवता येईल’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. एनव्हीएलची यादी पान पुसलं की जाते, आणि कुठला मेसेज कुणाच्या चॅटमधला हे तिला ठाऊकच नसतं. तिच्यावर वाढवत नेलेलं काम शेवटी मोडून नव्यानं करावं लागतं.

२. मेसेजचा आकार

एक डिक्शनरी घ्या. प्रत्येक चॅटची एक किल्ली, आणि त्या किल्लीमागे मेसेजची लिस्ट. प्रत्येक मेसेजमध्ये पाठवणारा, मजकूर, प्रकार (साधा, फोटो, ‘काल’सारखी मधली ओळ) आणि कथेतली वेळ. संगणकाचं घड्याळ अजिबात वापरू नका. कथेत रात्र असताना मेसेजवर दुपारची वेळ दिसली की प्रसंगच बिघडतो.

चॅटची किल्ली आणि पाठवणारा या दोन वेगळ्या गोष्टी ठेवा, नाहीतर ग्रुप चॅट करताना अडाल. आणि किल्ली म्हणून पडद्यावर दिसणारं नाव कधीही वापरू नका. पहिल्या प्रकरणात ‘अनोळखी नंबर’ असलेली व्यक्ती तिसऱ्या प्रकरणात ‘मीरा’ निघते. किल्ली नावाची असेल तर त्या क्षणी तिचे जुने मेसेज हरवतात. किल्ली कायम तीच ठेवली तर नुसतं नाव बदलतं आणि जुने मेसेजही मीराचेच दिसू लागतात. खेळाडूच्या अंगावर काटा येतो तो तिथे.

३. सेव्ह आणि रोलबॅक

मला सर्वांत जास्त झुंजवलं ते या टप्प्यानं, आणि अर्धवट सल्ले सर्वांत जास्त मिळतात तेही याच टप्प्याबद्दल.

पहिली गोष्ट: मेसेजची डिक्शनरी ‘डिफॉल्ट’नं जाहीर करा. ‘डिफाइन’नं नाही, आणि सुरुवातीच्या पायथॉन ब्लॉकमध्ये तर नाहीच. डिफाइन हे न बदलणाऱ्या गोष्टींसाठी असतं. त्याच्या लिस्टमध्ये तुम्ही मेसेज घातलात तर तो त्या वेळी दिसतो, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं. पण तो सेव्हमध्ये जात नाही. गेम बंद करून पुन्हा उघडा, सेव्ह लोड करा, चॅट रिकामी असेल. एका बैठकीत चाचणी करणाऱ्याला हा दोष कधीच सापडत नाही. तो खेळाडूला सापडतो.

याच्या उलट, संपर्कांची माहिती, म्हणजे नाव, फोटो, फुग्याचा रंग, डिफॉल्टच्या डिक्शनरीत कोंबू नका. ती डिफाइनमध्येच हवी. गेमची नवी आवृत्ती काढताना तुम्ही एक पात्र वाढवता. जुनं सेव्ह लोड झालं की डिफॉल्टनं जाहीर केलेलं अख्खं नवं व्हेरिएबल रेनपाय आपोआप भरतं, पण आधीच सेव्ह झालेल्या डिक्शनरीत नवी किल्ली घालत नाही. त्या पात्राचा पहिला मेसेज येताच गेम एरर देऊन थांबतो. म्हणून संपर्क डिफाइनमध्ये, डिफॉल्टमध्ये फक्त मेसेज, आणि ज्याचं नाव कथेत बदलतं त्याच्यासाठी एक छोटं वेगळं व्हेरिएबल. शिवाय लिस्ट मागताना ‘नसेल तर रिकामी बनव’ अशा पद्धतीनंच मागा.

दुसरी गोष्ट, आणि हिच्यावर माझा सर्वांत जास्त जोर आहे: स्क्रीनच्या आतून मेसेज घालू नका. स्क्रीन एकदाच चालते असं समजू नका. रेनपाय ती दाखवायच्या आधी अंदाज घेण्यासाठी चालवून बघतं आणि दाखवल्यावरही पुन्हा पुन्हा चालवतं. स्क्रीनच्या मजकुरात मेसेज जोडणारी एक ओळ असली की मेसेजची रांग लागते. स्क्रीननं फक्त वाचावं आणि दाखवावं. मेसेज घालायचं काम स्क्रिप्टचं.

तिसरी गोष्ट रोलबॅकची, म्हणजे खेळाडू मागच्या ओळींवर परत जातो तेव्हाची. रेनपायच्या स्क्रिप्ट फाइलमध्ये बनवलेल्या लिस्ट, डिक्शनरी आणि क्लास खेळाडू मागे गेला की आपोआप आधीच्या स्थितीत जातात. बाहेरच्या पायथॉन मॉड्यूलमधून आलेल्या गोष्टींना ही सोय नसते. जेसन फाइल (माहिती साठवायची साधी मजकूर फाइल) वाचून तयार केलेली लिस्ट याच जातीची असते. खेळाडू मागे गेला तरी मेसेज लिस्टमध्ये तसाच राहतो, आणि पुढे आला की दुसऱ्यांदा घातला जातो. सुरुवातीला सांगितलेला एकच मेसेज दोनदा दिसण्याचं हे नेहमीचं कारण.

यावर दोन उपाय सांगितले जातात आणि दोन्ही वाईट आहेत. एक, ‘शेवटचा मेसेज तोच असेल तर घालू नका.’ माणसं लागोपाठ दोनदा ‘हं’ पाठवतात. तुमचं पात्र ते कधीच करू शकणार नाही. दुसरा, ‘मेसेजच्या प्रसंगात रोलबॅक बंद करा.’ वाचणाऱ्याची एखादी ओळ निसटली तर मागे जाऊन वाचायचा त्याचा हक्क तुमच्या सोयीसाठी काढून घेऊ नका. क्लास आणि लिस्ट स्क्रिप्ट फाइलमध्येच बनवा, दोष मुळातून जातो.

चौथी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. रेनपाय लोड करताना चालू स्टेटमेंटच्या, म्हणजे स्क्रिप्टमधल्या चालू आज्ञेच्या, सुरुवातीला परत जातं. तुम्ही एकाच पायथॉन ब्लॉकमध्ये लूप लावून दहा मेसेज एकामागून एक पाठवलेत आणि खेळाडूनं आठव्यावर सेव्ह केलं, तर लोड झाल्यावर तो पहिल्यावर असतो. म्हणून एका मेसेजला एक स्टेटमेंट.

हे कंटाळवाणं वाटतं, पण करायची रीत सोपी आहे. रेनपायमध्ये पात्राच्या जागी एखादं फंक्शनही चालतं. प्रत्येक पाठवणाऱ्यासाठी असं फंक्शन डिफाइन करा. मग स्क्रिप्टमध्ये नेहमीच्या संवादासारखीच ओळ लिहायची: मीराच्या फोनचं नाव आणि पुढे अवतरणात ‘पोचलास का?’. ही ओळ आली की फंक्शन मजकूर घेतं, चालू चॅटच्या लिस्टमध्ये घालतं आणि क्लिकची वाट बघतं. प्रत्येक ओळ आपोआप वेगळं स्टेटमेंट होते, आणि कथा लिहिणाऱ्याला कोडकडे बघावंही लागत नाही. चालू चॅट कुठली हे एका डिफॉल्ट व्हेरिएबलमध्ये ठेवा. रेनपाय फंक्शनला मजकुराबरोबर आणखी काही आर्ग्युमेंट्स पाठवतं, ती स्वीकारायची सोय ठेवा.

‘टाइप करत आहे’चे ठिपके याच फंक्शनमध्ये, मेसेज घालायच्या आधी. एक-दोन सेकंद पुरे. खेळाडू वगळत पुढे जात असेल किंवा रोलबॅकमध्ये असेल तेव्हा ठिपके दाखवू नका.

मजकुरातल्या चौकटी कंसांची काळजीही इथेच घ्या. मेसेजमध्ये खेळाडूचे गुण कंसात दिले असतील, तर ती किंमत स्क्रीन मजकूर दाखवते त्या वेळी भरली जाते. गुण वाढले की मागच्या आठवड्यातला जुना मेसेजही बदललेला दिसतो. किंमत मेसेज घालतानाच भरा, रेनपायमध्ये त्यासाठी सब्स्टिट्यूट नावाचं फंक्शन आहे, आणि स्क्रीनवरच्या मजकुराला ती सोय बंद करा.

४. स्क्रीन

व्ह्यूपोर्ट (वरखाली सरकवता येणारा भाग), त्यात उभी रांग, आपले फुगे उजवीकडे, समोरच्याचे डावीकडे, फुग्याची कमाल रुंदी चॅटच्या पाऊण भागाइतकी. फुग्याचं चित्र फ्रेम म्हणून द्या म्हणजे कोपरे ताणले जात नाहीत. स्क्रीन मोडल ठेवा, म्हणजे क्लिक तिच्या मागच्या गोष्टींपर्यंत पोचत नाहीत. सरकत आत येण्याची हालचाल फक्त शेवटच्या फुग्याला. चॅट लांबली तर शेवटचे पन्नासेक मेसेजच काढा. मराठी मजकूर असेल तर देवनागरीचा फॉन्ट स्वतः द्या, सोबत येणारा डेजाव्ह्यू देवनागरी दाखवत नाही. आणि रेनपाय ८ ची अलीकडची आवृत्ती घ्या, जुन्यांत जोडाक्षरं तुटतात.

एक अडचण मात्र नक्की येते: नवा मेसेज आला तरी चॅट तळाशी जात नाही, एक फुगा मागे राहते. सुरुवातीची जागा ठरवणारी प्रॉपर्टी फक्त स्क्रीन पहिल्यांदा उघडताना लागू होते. आणि तुम्ही हातानं ‘शेवटाला जा’ म्हणता तेव्हा नव्या फुग्याची उंची अजून मोजलेली नसते. व्ह्यूपोर्टला स्वतःची ॲडजस्टमेंट (किती सरकलं आहे ते सांभाळणारी वस्तू) द्या आणि तिच्या ‘रेंज्ड’ या फंक्शनमध्ये किंमत शेवटावर न्या. ते लांबी मोजून झाल्यावर चालतं. खेळाडू वर जाऊन जुनं काही वाचत असेल तर त्याला खाली ओढू नका.

५. उत्तरं

मेन्यूला फोनची वेगळी चॉइस स्क्रीन द्या. पर्यायात जे लिहिलं आहे तेच शब्दशः खेळाडूच्या फुग्यात गेलं पाहिजे. ‘नकार दे’ असा पर्याय आणि प्रत्यक्षात तीन ओळींचा तुसडा मेसेज, असं केलंत तर खेळाडूला आपल्या तोंडी दुसऱ्याचे शब्द घातल्यासारखं वाटतं.

६. न वाचलेले मेसेज

प्रत्येक मेसेजवर ‘वाचला’ची खूण ठेवू नका. चॅटमागे एकच आकडा ठेवा: किती वाचले. लिस्टच्या लांबीतून तो वजा केला की बाकीचे न वाचलेले. हा आकडा चॅट उघडणाऱ्या बटणाच्या ॲक्शनमध्ये बदला, स्क्रीनच्या मजकुरात नाही.

खेळाडूनं संवाद चालू असताना मधेच फोन उघडून चॅट वाचली आणि तिथेच सेव्ह केलं, तर लोड केल्यावर न वाचलेल्याचा लाल ठिपका पुन्हा दिसेल, कारण तेच: लोड स्टेटमेंटच्या सुरुवातीला जातं. माझं मत असं की ते तसंच सोडा. ठिपका परत आल्यानं काही बिघडत नाही, उत्तर हरवलं तर बिघडतं. म्हणूनच ज्या मेसेजला उत्तर द्यायचं आहे तो स्क्रिप्टमधूनच, मेन्यूसकट येऊ द्या. मधेच उघडलेला फोन फक्त वाचण्यासाठी.

७. चाचणी

पाच मेसेजचा प्रसंग लिहा. चौथ्यावरून पहिल्यावर मागे जा, पुन्हा पुढे या, फुगे मोजा. तिसऱ्यावर सेव्ह करा, गेम पूर्ण बंद करून उघडा, लोड करा, पुन्हा मोजा. कंट्रोल दाबून अख्खा प्रसंग वगळा आणि फोन उघडून बघा. मग संपर्कांमध्ये एक नवं पात्र घाला, त्याच्याकडून एक मेसेज पाठवा आणि जुनंच सेव्ह लोड करून त्या ओळीपर्यंत खेळा. हे चारही प्रयोग चुकांशिवाय पार पडले की मग फोनची चौकट रंगवायला घ्या.