सबस्क्रायबर किती हे सोडा, बघतंय कोण ते बघा

चॅनेल सांभाळायचं काम हाती घेतलं की पहिल्याच महिन्यात मालकाचा प्रश्न येतो, "अहो, पन्नास हजार सबस्क्रायबर आहेत आपले, मग व्हिडिओला तीन हजारच व्ह्यूज कसे?" प्रश्न रास्त आहे. त्यावर "अल्गोरिदम बदललाय" असं ठोकून देणारी मंडळी या धंद्यात भरपूर आहेत, आणि मालकही काही दिवस ते ऐकून घेतात. मी मराठी पाककृतींची आणि शेतीची यूट्यूब चॅनेल्स सांभाळते. संपादन, थंबनेल म्हणजे व्हिडिओचं मुखचित्र, आकडे, सगळंच. या कामात नव्याने येणाऱ्यांनी सगळ्यात आधी सबस्क्रायबर आणि बिगर-सबस्क्रायबर यांचे व्ह्यूज वेगळे करून वाचायला शिकावं, असं माझं मत आहे. बाकीचं हळूहळू येतं.

यूट्यूब स्टुडिओत ॲनालिटिक्स उघडा, ॲडव्हान्स्ड मोडमध्ये जा आणि तिथं 'सबस्क्रिप्शन स्टेटस' निवडा. हे लॅपटॉपवरच करा, फोनवर डोळे फोडून घेऊ नका. 'सबस्क्राइब्ड' आणि 'नॉट सबस्क्राइब्ड' अशा दोन ओळी येतील. 'ऑडियन्स' टॅबमध्येही सबस्क्रायबरांची टक्केवारी दिसते, पण ती पाहण्याच्या वेळेची असते, व्ह्यूजची नव्हे. मालकाला रिपोर्ट देताना या दोन टक्केवाऱ्यांची सरमिसळ करू नका. आणि आधी शॉर्ट्स बाजूला काढा. 31 मार्च 2025 पासून शॉर्ट नुसता सुरू झाला तरी व्ह्यू धरला जातो, शिवाय शॉर्ट्स फीडमध्ये बोट फिरवत बसलेला माणूस बहुतेकदा तुमचा सबस्क्रायबर नसतोच. ती गर्दी लांब व्हिडिओंच्या हिशेबात मिसळली की सगळा हिशेब गढूळ होतो.

'नॉट सबस्क्राइब्ड' म्हणजे परका माणूसच, असंही नाही. व्ह्यू झाला त्या क्षणी तो सबस्क्रायबर होता का, एवढंच यूट्यूब बघतं. व्हिडिओ पाहून खूश होऊन एखाद्याने लगेच सबस्क्राइब केलं, तरी तो व्ह्यू बिगर-सबस्क्रायबरच्याच खात्यात राहतो. काकूंनी आपल्या फोनवर सबस्क्राइब केलेलं असतं, पण स्वयंपाकघराला लागून असलेल्या टीव्हीवर मुलाचं अकाउंट चालू असतं. काकू रोज बघतात आणि आकड्यात रोज 'नॉट सबस्क्राइब्ड' म्हणून मोजल्या जातात. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आलेली लिंक लॉगिन नसलेल्या ब्राउझरमध्ये उघडली तरी तेच.

आता खरी गंमत. मोदकांच्या एका आठ मिनिटांच्या व्हिडिओचं उदाहरण घेऊ, आकडे समजुतीसाठी आहेत. पहिल्या आठवड्यात 2,000 व्ह्यूज आले. त्यातले 1,500 सबस्क्रायबरांचे, ते सरासरी 5 मिनिटं थांबले. बाकीचे 500 नवखे, सरासरी 2 मिनिटं. एकूण सरासरी निघते 4 मिनिटं 15 सेकंद. गणपती जवळ आले, व्हिडिओ सर्चमध्ये वर चढला, व्ह्यूज 20,000 झाले. त्यात सबस्क्रायबर 2,000, तेही तसेच 5 मिनिटं थांबणारे. नवखे 18,000, तेही तसेच 2 मिनिटं. एकूण सरासरी आली 2 मिनिटं 18 सेकंदांवर. मालकाचा फोन येतो, "व्हिडिओ पडला की हो!" पडला कुठे? दोन्हीकडची माणसं होती तेवढाच वेळ थांबतायत, फक्त कमी वेळ थांबणाऱ्यांची संख्या वाढली. थंबनेलवर क्लिक होण्याच्या टक्केवारीचंही असंच होतं. सुरुवातीला आपली माणसं क्लिक करतात म्हणून ती चांगली दिसते, व्हिडिओ अनोळखी लोकांसमोर जाऊ लागला की उतरते. ही विभागणी पाहिली नाही तर ऐन भरात आलेल्या व्हिडिओचं थंबनेल घाबरून बदललं जातं. असं होताना मी पाहिलंय.

मात्र नवखे 2 मिनिटंच का थांबतात, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी त्या व्हिडिओचा रिटेन्शनचा, म्हणजे कोणत्या क्षणापर्यंत किती लोक टिकले त्याचा, आलेख उघडा, त्यातही सबस्क्रायबर आणि बिगर-सबस्क्रायबर अशा वेगळ्या रेषा पाहता येतात. पाककृतींच्या व्हिडिओत दोन्ही रेषा बहुधा सुरुवातीलाच फाटतात. "नमस्कार मंडळी, कसे आहात सगळे, आमच्याकडे कालपासून पाऊस लागलाय" हे सबस्क्रायबरला हवं असतं, तो त्या बाईंसाठीच आलेला असतो. 'उकडीचे मोदक' असं शोधून आलेल्या माणसाचं पाणी गॅसवर उकळायला लागलेलं असतं. त्याला पिठाला पाणी किती, एवढंच आत्ता हवंय. पावसाच्या गप्पा ऐकायला तो थांबेल कशाला? म्हणून गप्पा काढून टाकायचा सल्ला काही जण देतात, तो मला पटत नाही. गप्पांमुळेच लोक पुन्हा येतात. प्रमाण पहिल्या अर्ध्या मिनिटात सांगून टाकावं आणि गप्पा सारण परतताना, मोदकाला कळ्या पाडताना होऊ द्याव्यात. डिस्क्रिप्शनमध्ये चॅप्टर्स, म्हणजे वेळेसह व्हिडिओच्या भागांची नावं, घालावेत. पहिला 00:00 ला सुरू व्हायला हवा, किमान तीन हवेत आणि प्रत्येक निदान दहा सेकंदांचा हवा, नाहीतर ते दिसतच नाहीत.

शेतीच्या चॅनेलवर चित्र उलटं असू शकतं. द्राक्षाच्या छाटणीनंतर कोणती फवारणी कधी, हे सांगणारा व्हिडिओ बागायतदार वर्षानुवर्षं त्याच माणसाकडून ऐकतात, तिथं सबस्क्रायबरांचा वाटा मोठा दिसतो. त्याच चॅनेलवर कांद्याच्या भावाचा व्हिडिओ टाकला की कुठून कुठून लोक येतात आणि दुसऱ्या दिवशी गायब. तेव्हा संपूर्ण चॅनेलची एकच टक्केवारी काढून "सबस्क्रायबर कमी बघतात" असा निष्कर्ष काढणं म्हणजे वेळ वाया. व्हिडिओवार बघा, आणि शेजारी ट्रॅफिक सोर्स, म्हणजे प्रेक्षक कुठून आला ते, ठेवा. सर्चमधून आलेला बिगर-सबस्क्रायबर आणि 'सजेस्टेड'मधून, म्हणजे यूट्यूबने सुचवलं म्हणून आलेला बिगर-सबस्क्रायबर ही दोन वेगळी माणसं आहेत. पहिला काम झालं की जातो. दुसरा रिकामा असतो, त्याला पुढचा व्हिडिओ दाखवायला वाव असतो.

मालकाच्या पन्नास हजारांचं म्हणाल तर त्यातले बरेच आज जागेवर नसतात. टाळेबंदीत केक शिकायला आलेले सबस्क्रायबर आता थालीपीठ बघायला येणार नाहीत. "तुम्ही मला करा, मी तुम्हाला करतो" या पद्धतीने जमवलेले तर कधीच बघणारे नव्हते, शिवाय ते यूट्यूबच्या नियमांतही बसत नाही. घंटी दाबलेले किती आणि त्यातल्या कितींच्या फोनवर खरोखर नोटिफिकेशन पोचतं, हे 'ऑडियन्स'मध्ये दिसतं. पहिल्या मीटिंगला तो आकडा सोबत न्या. पन्नास हजारांचा विषय पाच मिनिटांत जमिनीवर येतो.

नोकरीसाठी जाणार असाल तर एक साधी शीट तयार ठेवा, ॲडव्हान्स्ड मोडमधून आकडे डाउनलोड होतात. व्हिडिओ, सबस्क्राइब्ड व्ह्यूज, नॉट सबस्क्राइब्ड व्ह्यूज, दोन्हींची सरासरी वेळ, मुख्य सोर्स आणि त्या व्हिडिओमुळे मिळालेले सबस्क्रायबर. मी शेवटच्या रकान्याला बिगर-सबस्क्रायबर व्ह्यूजनी भागते आणि हजारी काढते, म्हणजे अशा दर हजार व्ह्यूजमागे किती सबस्क्रायबर मिळाले ते. ज्या व्हिडिओची हजारी चांगली, त्या धर्तीचे आणखी करायला सांगते. जाहिरातींची कमाई सुरू व्हावी म्हणून 1,000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात पाहिल्या गेलेल्या 4,000 तासांचं गणित जुळवणाऱ्या नव्या चॅनेलला व्हायरल शॉर्टपेक्षा हे जास्त उपयोगी पडतं, कारण शॉर्ट्स फीडमधले तास त्या 4,000 मध्ये धरलेच जात नाहीत.

सणाच्या व्हिडिओंची वर्षावर्षांची तुलना तारखेने करू नका. गणेश चतुर्थी 2024 मध्ये 7 सप्टेंबरला होती, 2025 मध्ये 27 ऑगस्टला. 2024 च्या सप्टेंबरशी 2025 चा सप्टेंबर ताडून पाहिला तर मोदक एका वर्षात ओस पडलेले दिसतील. 2026 मध्ये अधिक महिन्यामुळे चतुर्थी पुन्हा सप्टेंबरात, 14 तारखेला आहे. शीटमध्ये तारखांऐवजी 'चतुर्थीआधीचे दहा दिवस' असा रकाना ठेवा, आणि थंबनेल बदलायचंच असेल तर ते दहा दिवस सुरू होण्याआधी बदलून मोकळे व्हा.