रानात दिसलेली अनोळखी अळंबी ओळखायची कशी?

पावसाची झड लागून गेली आणि उघडीप पडली की बांधावर, गवतात, वारुळाशेजारी रातोरात पांढऱ्या छत्र्या उभ्या राहतात. लांबून सगळ्या सारख्याच दिसतात. कोकणात आणि गोव्यात चवीने खाल्ली जाणारी वारुळावरची अळंबी, बागेतल्या हिरवळीवर उगवणारी विषारी क्लोरोफायलम आणि यकृत निकामी करणाऱ्या अमानिटाच्या काही जाती, या सगळ्यांची टोपी पांढरी असू शकते. म्हणून नुसती टोपी बघून नाव ठरवू नका. खरी ओळख पटते मातीखाली, टोपीच्या खालच्या बाजूला आणि रात्रभर ठेवलेल्या कागदावर.

आणि एक गोष्ट आधीच सांगतो. हे सगळं ओळखण्यासाठी आहे, खाण्यासाठी नाही. लेख वाचून अळंबी शिजवायला घेऊ नका.

हात लावण्याआधी ती आहे तिथेच नीट बघा. मातीतून आली आहे की कुजलेल्या लाकडातून, शेणातून, भाताच्या पेंढ्यातून? एकटी आहे, घोळक्यात आहे की गोल रिंगण करून? शेजारी कोणती झाडं आहेत? फोटो वरून, बाजूने आणि खालून असे तिन्ही काढा. जवळपास कळी, अर्धवट उमललेली आणि पूर्ण उघडलेली अशा वेगवेगळ्या वयाच्या सापडल्या तर फार बरं, कारण वयाबरोबर रंग आणि आकार दोन्ही बदलतात.

आता ती काढायची, पण उपटायची नाही. बहुतेक चुका इथेच होतात. दांड्यापासून चार बोटं अंतर सोडून खुरप्याने खोलवर माती उकरा आणि अळंबी बुडासकट उचला. वारुळावरच्या मोठ्या जातींना खाली लांब मुळासारखी शेपटी असते. वाळवी जमिनीखालच्या कप्प्यांत ही बुरशी जोपासते आणि ती शेपटी थेट तिथपर्यंत गेलेली असते. उपटली की ती तुटून मातीत राहते. अमानिटाचंही तसंच. तिच्या बुडाशी फाटक्या पिशवीसारखी वाटी असते, तीही मातीतच राहते आणि हातात येते ती निरुपद्रवी दिसणारी पांढरी छत्री. बूड धुऊ नका, मऊ ब्रशने माती झटका.

टोपी उलटी करा. खाली पुस्तकाच्या पानांसारखे पातळ पडदे आहेत की बारीक छिद्रं? पडदे दांड्याला चिकटलेत की त्याच्याआधीच थांबलेत? कोवळ्या आणि जून नगात त्यांचा रंग कसा बदलतो? दांड्यावर कडं आहे का, असलं तर वरखाली सरकतं का? कळी सापडली तर ती उभी चिरा. अमानिटाच्या अंड्यासारख्या कळीत इवलीशी छत्री आखलेली दिसते. वास घ्या, चिरल्यावर रंग बदलतो का पाहा, पण चव घेऊन बघू नका.

मग बीजाणूंचा, म्हणजे पडद्यांतून झडणाऱ्या बियांसारख्या बारीक भुकटीचा, ठसा. हे काम मला सगळ्यात आवडतं आणि लोक नेमकं तेच टाळतात. अर्धा पांढरा, अर्धा काळा असा कागद घ्या. दांडा कापून टोपी पडद्यांची बाजू खाली करून त्यावर ठेवा आणि वर वाटी पालथी घाला. रात्रभर हलवू नका. सकाळी टोपी उचलली की कागदावर पडद्यांची नक्षी उमटलेली असते. पांढरा ठसा फक्त काळ्या भागावर दिसतो, म्हणून दोन्ही रंग हवेत.

आता सगळ्या खुणा एकत्र मांडा. बुडाशी वाटी, पडदे पांढरे आणि ठसाही पांढरा, तर अमानिटाचा दाट संशय. वाटी आहे, दांड्यावर कडं नाही आणि ठसा गुलाबी, तर पेंढ्यावरची व्होल्व्हॅरिएला. टोपीच्या मध्यावर उंचवटा, लांब शेपटी आणि गुलाबीसर ठसा, तर वारुळावरची अळंबी. हिरवळीवर मोठी छत्री, टोपीवर तपकिरी खवले, सरकणारं कडं आणि हिरवट ठसा, तर क्लोरोफायलम. तिचे पडदे कोवळेपणी पांढरेच असतात, त्यामुळे ठशाशिवाय ती फसवते. एखादी खूण जुळली नाही तर नाव रिकामं ठेवा.

अळंबीसोबत शिजवलेला लसूण किंवा चांदीचा चमचा काळा पडला तर ती विषारी, किडे खातात म्हणजे माणसालाही चालते, असल्या परीक्षा कामाच्या नाहीत. अमानिटाचं विष शिजवून किंवा वाळवूनही जात नाही.

कुणी चुकून खाल्लीच तर लक्षणांची वाट पाहू नका. क्लोरोफायलमच्या उलट्या काही तासांत सुरू होतात, पण यकृतावर घाला घालणाऱ्या जातींची लक्षणं साधारण 6 ते 24 तासांनी दिसतात. पुढे उलट्या-जुलाब थांबून रोग्याला बरं वाटू लागतं, तेव्हाही आत यकृत खराब होत असतं. ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्या आणि उरलेली अळंबी, शिजलेली किंवा कच्ची, सोबत घ्या. कच्ची असेल तर कागदात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत ती लगेच सडते आणि मग ओळखता येत नाही.