फसवा फोन आला, तर तक्रार नेमकी कुठे करायची?

फसव्या फोनची तक्रार करायच्या जागा तीन आहेत आणि बहुतेकांची गल्लत तिथेच होते. पैसे गेले असतील तर १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची सरकारी मदतवाहिनी. पैसे वाचले, पण समोरचा भामटाच होता, तर 'चक्षू', म्हणजे दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी'वरची तक्रारीची सोय. आणि कर्ज, क्रेडिट कार्ड, प्लॉट विकणाऱ्यांचा नुसता जाच असेल तर १९०९, म्हणजे नकोशा जाहिरात-कॉलच्या तक्रारीचा नंबर. पैसे गेलेला माणूस चक्षूवर तक्रार टाकून स्वस्थ बसला, तर हातातला सगळ्यात मोलाचा वेळ जातो. तिथे पैसे अडवण्याची सोयच नाही.

१९३० ची घाई कशासाठी? गेलेली रक्कम एका खात्यात थांबत नाही. भाड्याने घेतलेल्या खात्यांमधून ती पुढे पुढे सरकते आणि शेवटी एटीएममधून निघते. १९३० वर नोंद झाली की रक्कम जिथे पोचली त्या बँकेला कळवलं जातं. पैसे तिथे असतील तर रोखले जातात, पुढे गेले असतील तर पुढच्या बँकेला निरोप जातो. म्हणून पोलीस ठाणं नंतर, नातेवाइकांशी चर्चा त्याहून नंतर, आधी हा फोन. लाइन व्यस्त लागली तर लावत राहा आणि त्याच वेळी घरातल्या दुसऱ्या कुणाला 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन'वर आर्थिक फसवणुकीची तक्रार भरायला बसवा.

फोन लावताना हे समोर ठेवा: बँकेचं नाव, खाते क्रमांक, किती रुपये गेले, तारीख आणि वेळ, समोरच्याचा नंबर किंवा यूपीआय आयडी, आणि प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक. यूपीआयचा हा क्रमांक १२ अंकी असतो आणि अ‍ॅपमधल्या व्यवहाराच्या तपशिलात सापडतो. तो चुकला तर रक्कम शोधणं अवघड होतं, तेव्हा एकेक अंक वाचून खात्री करा. पिन, ओटीपी, सीव्हीव्ही (कार्डामागचे तीन अंक) १९३० वर कुणी विचारत नाही. तक्रारीचा क्रमांक मिळाला की उरलेला तपशील आणि स्क्रीनशॉट त्याच दिवशी संकेतस्थळावर भरून टाका.

लगेच बँकेलाही कळवा. नंबर कार्डाच्या मागचा किंवा पासबुकावरचा घ्या. इंटरनेटवर 'कस्टमर केअर' शोधू नका, तिथेही भामट्यांनी आपले नंबर पेरलेले असतात. बँकेकडून तक्रार क्रमांक आणि वेळ मागून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ओटीपी तुम्हीच दिला असला तरी बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं असतं. कळवल्याची वेळ सिद्ध करता आली नाही, तर हा हक्क कागदावरच राहतो. ३० दिवसांत बँकेने दाद दिली नाही, तर बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

भामट्याच्या सांगण्यावरून तुमची स्क्रीन त्याला दाखवणारं अ‍ॅप टाकलं असेल, तर सर्वांत आधी फोनचं इंटरनेट बंद करा आणि १९३० दुसऱ्या फोनवरून लावा. त्याने स्टारने सुरू होणारा एखादा कोड दाबून घेतला असेल, तर तुमचे कॉल, आणि कॉलवर येणारे ओटीपीही, त्याच्याकडे वळलेले असू शकतात. हॅश हॅश ००२ हॅश लावून ते रद्द करा.

आता पैसे न गेलेल्या फोनांबद्दल. 'वीजबिल थकलंय, आज रात्री साडेनऊला वीज तोडू', 'दोन तासांत सिम बंद होईल', 'तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, व्हिडिओ कॉलवरून हलू नका': या साच्यांत घाईही असते आणि भीतीही. डिजिटल अटक, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच 'अटकेत' ठेवणं, असा प्रकार भारतीय कायद्यात नाही. असा फोन सरळ तोडा, वाद घालू नका. बोलत राहिलात की तुमचं नाव, बँक, घरात कोण कोण आहे, हे त्याला आपसूक कळतं. मग संचार साथीच्या अ‍ॅपमध्ये किंवा संकेतस्थळावर 'चक्षू' उघडा. फोन, एसएमएस की व्हॉट्सअ‍ॅप ते निवडा, फसवणुकीचा प्रकार, नंबर, तारीख, वेळ भरा, स्क्रीनशॉट जोडा आणि तुमच्या मोबाइलवर आलेल्या ओटीपीने तक्रार पक्की करा. ३० दिवसांच्या आतला संपर्कच इथे चालतो. नंबर ब्लॉक करण्याआधी कॉल लॉगचा स्क्रीनशॉट घ्या.

जाहिरातीच्या फोनांसाठी १९०९ वर फोन करा किंवा 'ट्राय' या दूरसंचार नियामकाचं डीएनडी अ‍ॅप वापरा, कॉल आल्यापासून सात दिवसांत. जाहिरातीच्या कॉलना १४० ने सुरू होणारे नंबर दिलेले आहेत, त्यामुळे साध्या १० अंकी मोबाइलवरून कर्ज विकणारा तिथेच नियम मोडतो.

तक्रारीनंतर काही दिवसांनी 'तुमचे पैसे सापडलेत, परत मिळवायला शुल्क भरा' असा फोन येऊ शकतो. रोखलेले पैसे परत मिळण्याचा मार्ग पोलीस, बँक आणि गरज पडली तर न्यायालय यांच्यातून जातो, फोनवर शुल्क भरून नाही. तो नंबरही चक्षूवर टाका.