खार पकडायला पिंजरा लावताय? या चुका टाळा

इकडे इंग्लंडमध्ये घर घेतलं, मागे छोटं गार्डन मिळालं, हौसेनं ट्युलिपचे कंद लावले की करडी खार ते उकरून फस्त करते, मग बर्ड फीडर कुरतडते, आणि मग आपल्या माणसांचे मला फोन सुरू होतात, कुठला ट्रॅप घेऊ, लिंक पाठवा. खार सापडल्यावर पुढे काय करायचं हे मात्र कोणी विचारत नाही. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "पकडू आणि लांब नेऊन सोडू". गावाकडे उंदीर पिंजऱ्यात सापडला की ओढ्यापलीकडे सोडून यायचो, तेच डोक्यात असतं. इथे करडी खार सोडणं हा गुन्हा आहे. ही मूळची उत्तर अमेरिकेची, १८७६ मध्ये चेशर परगण्यातल्या हेन्बरी पार्कमध्ये कोणीतरी हौसेनं आणून सोडली, आणि नंतर हिनं इथल्या लाल खारीला जवळजवळ सगळ्या इंग्लंडमधून हुसकावून लावलं. हिच्या अंगात एक पॉक्सचा, म्हणजे देवीसारख्या रोगाचा विषाणू असतो, हिला त्याचं काही वाटत नाही पण लाल खार त्यानं मरते. म्हणून १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड अ‍ॅक्टनुसार पकडलेली करडी खार सोडता येत नाही, २०१९ पासून तर नियम अजून कडक झाले. जंगलात नाही, पार्कात नाही, तुमच्याच गार्डनमध्ये दार उघडून देणं सुद्धा नाही. पिंजऱ्यात गेली म्हणजे ती मारायचीच, आणि हाल न करता.

रेडिंगकडच्या एका ओळखीच्यानं बँक हॉलिडेच्या वीकेंडला पिंजरा लावला. रविवारी सकाळी फोन, "दादा, सापडली! आता काय करू?" त्याची आई नुकतीच सोलापूरहून आलेली, ती म्हणतेय रामाची खार आहे, हात लावायचा नाही. (काकू, रामाच्या खारीच्या पाठीवर पट्टे असतात, हिच्या पाठीवर एकही नाही, पण हे त्यांना कोण सांगणार.) ह्यानं गाडीची डिकी उघडून ठेवलेली, वीसेक मैलांवरच्या रानात सोडून यायचा बेत. म्हटलं थांब, अजिबात हलवू नकोस. मी पोचेपर्यंत खार जाळीवर धडका मारून मारून नाकाचं कातडं सोलून बसली होती, दाण्यांना तोंडही लावलेलं नाही, आणि पोरं समोर उभी राहून व्हिडिओ काढतायत. शेवटी काकूंनीच आतून जुनी चादर आणून पिंजऱ्यावर टाकली, तेव्हा कुठे ती जरा शांत झाली. सुट्टीच्या दिवशी पेस्ट कंट्रोलवाला कोण येतोय? फोनवर फोन केले, संध्याकाळी एक जण आला, इमर्जन्सीचे पैसे घेतले आणि काम करून गेला. पोरं दोन दिवस बापाशी बोलली नाहीत.

म्हणून माझं एकच म्हणणं आहे, पिंजरा ऑर्डर करायच्या आधी पेस्ट कंट्रोलवाल्याशी बोलून ठेवा, कधी येईल, किती घेईल. मारायचं काम वाचून शिकायचं नसतं. मारणं मनाला पटत नसेल तर ट्रॅप घेऊच नका, त्यात लाज काही नाही. आणि बादलीत बुडवण्याचा सल्ला देणारा कोणी भेटला तर त्याला २०१० ची इथल्या बर्टन गावची केस सांगा, एका माणसानं पकडलेली खार पाण्याच्या पिंपात बुडवली, प्रकरण कोर्टात गेलं आणि दीड हजार पौंडांच्या वर खर्च त्याच्या अंगावर पडला.

दुसरी चूक घाई. आज ऑर्डर, उद्या डिलिव्हरी, परवा खार हवी. पहिल्याच दिवशी सेट करून लोक किचनच्या खिडकीतून दर अर्ध्या तासाला डोकावतात आणि मग मला म्हणतात ट्रॅप भिकार आहे. अरे, ट्रॅप ठीक आहे, तुम्हाला धीर नाही. आधी काही दिवस दार तारेनं बांधून उघडं ठेवा आणि खारीला नुसतं जेवायला घाला. मी अख्खा पिवळा मका वापरतो, छोटे पक्षी त्याच्या फारसे नादी लागत नाहीत. सुरुवातीला थोडे दाणे बाहेर, मग दारात, मग पार आत पाट्याच्या मागे (पाटा म्हणजे ज्यावर पाय पडला की दार बंद होतं ती पट्टी). तेवढे दिवस बर्ड फीडर काढून ठेवायचं, नाहीतर समोर फुकटची पंगत सोडून ती पिंजऱ्यात कशाला शिरेल? ती बिनधास्त आत बसून खायला लागली की मगच तार सोडायची, तीही सकाळी. पीनट बटर फासण्याचा शॉर्टकट सगळे सांगतात, मला तो चिकट राडा आवडत नाही.

मागची जाळी मोठ्या भोकांची असली तर खार बाहेरूनच दाणे ओढून नेते, तिथे बारीक जाळी बांधा. पिंजरा डगडगता ठेवू नका, सपाट जागा बघा आणि वर वीट ठेवा. अर्ध्या भागावर पोतं टाका, पावसात भिजून जनावर गारठतं. जाड चामड्याचे हातमोजे घाला, चावली तर बोटाच्या आरपार.

रात्री सेट ठेवायचा नाही. खार दिवसा फिरते, रात्री सापडतो तो हेजहॉग (अंगावर काटे असलेला इथला छोटा प्राणी) नाहीतर शेजाऱ्याचं मांजर. दिवसातून एकदा बघणं हे कमीत कमी झालं, मी सकाळ-दुपार-संध्याकाळ बघतो, आणि दिवसभर घरी नसेन तर लावतच नाही.

आयल ऑफ वाइट, कंब्रिया, नॉर्थंबरलंड अशा लाल खारीच्या भागात राहत असाल तर आधी परवान्याची चौकशी करा. विषाचं तर नावच काढू नका.

खार लॉफ्टमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यात शिरली असेल तर भोक बुजवायची घाई नको. पिल्लं साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि परत उन्हाळ्यात होतात, आई बाहेर अडकली की पिल्लं आत उपाशी मरतात आणि मग वास महिनाभर जात नाही.

आणि एक खार गेली म्हणजे विषय संपला असं नाही, काही आठवड्यांत रिकाम्या जागी दुसरी येते. त्यापेक्षा फीडर धातूचं घ्या, झाडा-कुंपणापासून तीन मीटर लांब खांबावर लावा, खांबाला खालून शंकूसारखा पत्रा बसवा. दाण्यांना मिरचीपूड चोळली तरी चालतं, पक्ष्यांना तिखट लागत नाही, खारीला लागतं, फक्त पाऊस पडला की परत चोळायची. ट्युलिपच्या कंदांवर कोंबड्यांची जाळी अंथरा किंवा सरळ डॅफोडिल लावा, त्यांना ती तोंड लावत नाही. एवढं केल्यावर बऱ्याच जणांचा ट्रॅप शेडमध्येच पडून राहतो, तिथेही त्याचं दार तारेनं बांधून उघडंच ठेवा.