समाजाचा अभ्यास शास्त्रीय कसा कराल? कोपरखैरणेतली पाहणी

आधी खोटं ठरू शकेल असं विधान लिहा: ‘भाडेकरूंची शेजाऱ्यांशी ओळख घरमालकांपेक्षा कमी असते.’ ओळख मोजायची कशी, तेही ठरवा. मजल्यावरच्या किती घरांतली नावं सांगता येतात, एवढं पुरे.

सोसायटीची सभासद यादी घेऊ नका, त्यात भाडेकरू नसतात. दारं स्वतः नोंदवा. 4,000 दारांतून 400 चिठ्ठीनेच काढा, टक्केवारीतली चूक साधारण 5 टक्क्यांच्या आत राहते. सरळ प्रत्येक दहावं दार घेतलंत आणि मजल्यावर दहाच घरं असली, तर सगळे कोपऱ्यातलेच फ्लॅट येतील!

कुलूप दिसलं तर शेजारचं दार वाजवू नका. रविवारी पुन्हा जा, नाहीतर नोकरदार गळतात. विधान खोटं निघालं तरी तसंच छापा.