गणपती गेले की झेंडू लावा

अनंत चतुर्दशीनंतर दिवाळी साधारण दीड महिन्यावर येते. झेंडूला तेवढे दिवस पुरतात, पण बी नको, रोपवाटिकेतून तयार रोपंच आणा. पावसाने घट्ट बसलेली कुंडीतली माती खुरप्याने सैल करून मूठभर शेणखत मिसळा. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा; जीवावर येतं, पण बाजूच्या फांद्या फुटून फुलं जास्त लागतात. ऑक्टोबरचं ऊन भाजून काढतं, तेव्हा पाणी सकाळीच घाला.

दसऱ्याच्या तोरणाला मात्र दादरचा फुलबाजारच. पहाटे जा, आंब्याचे डहाळेही तिथेच घ्या, आणि गर्दीचे धक्के गृहीत धरा. भटकायला बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी लेणी बरी. सोमवारी बंद असतात.